बांधावरचा लांडगा आणि आबांच्या काळजातली चरबी

माझ्या नावाआधी डॉक्टर आहे, नावापुढे एमडी आहे, आणि बीडमधल्या एका स्कॅन सेंटरमध्ये माझी सगळी उमेद खर्ची पडली. तरी जिल्ह्यातल्या बहुतेक पेशंटांच्या लेखी मी तिथली पावत्या फाडणारी बाई. डॉक्टर म्हणजे अन्वर. अन्वर आमचा टेक्निशियन. उंच, गोरा, कोटाला कडक इस्त्री. पेशंटला मशीनवर झोपवणार तो, सुई टोचणार तो, मायक्रोफोनवरून हुकूम सोडणार तो. मी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत चष्मा नाकावर ओढून स्क्रीनसमोर बसलेली. बाहेर आले की लोक विचारत, "बाई, डाक्टर सायब मोकळे झाले का?" मी म्हणे, "झाले, चहा पितायत." सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे सोय वाटायला लागली, कारण रिपोर्ट मनासारखा आला नाही की शिव्या अन्वरला बसत.

रेडिओलॉजिस्ट म्हणजे काय हे माझ्या सख्ख्या नणंदेला अजून नीट सांगता येत नाही. ती पाहुण्यांना "वहिनी फोटो काढते" असं सांगते, आणि ते फारसं चूक नाही. एमआरआय हा फोटोच आहे. एक भलंमोठं चुंबक, त्यात एक बोगदा, बोगद्यात माणूस. मशीन आतून ठोकल्यासारखा आवाज करतं आणि शरीरातलं पाणी आणि चरबी कुठे किती आहे ते टिपतं. त्यावरून चित्र तयार होतं. ते चित्र वाचायचं आणि दोन ओळींत सांगायचं, एवढंच माझं काम.

पण या धंद्यात एक गंमत आहे. आत काय आहे ते बघायला फार थोडे लोक येतात. बाकीचे काय निघायला हवं ते घरून ठरवून येतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचा मोसम आला की आमच्या बाकड्यांवर गुरुजींची गर्दी. ज्याला त्याला मेंदूत, मणक्यात, नाही तर हृदयात काहीतरी हवं असतं. फार मोठं नको, तालुका न सुटण्याइतकं. एका गुरुजींचा मणका मी अगदी व्यवस्थित आहे म्हणून लिहिलं, तर ते म्हणाले, "मॅडम, मी वाकून दाखवू का?" दुसरीकडे सुनेला घेऊन आलेली सासू असते. पोरीचं डोकं महिनोन् महिने दुखत असतं आणि सासूला मात्र काही निघायला नको असतं, कारण मग घरची भाकरी कोण थापणार. अशा सगळ्यांना मशीन एकच उत्तर देतं, आणि मग लोक मशीनवर नाही, माणसांवर रुसतात.

पुढे आमच्या मालकांनी हृदयाचा एमआरआय सुरू केला. मालक डॉक्टर नव्हते, त्यांचं मंगल कार्यालय होतं आणि खडी क्रशर होता. पण शेजारच्या जिल्ह्यात अशी सोय झाली आणि आपल्याकडे नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं. हृदयाचा फोटो काढणं हे डोक्याच्या फोटोसारखं नाही. डोकं गप पडून राहतं. हृदय मिनिटभर थांबत नाही आणि थांबलं तर आमच्याकडे येत नाही. शिवाय श्वासाबरोबर छाती वरखाली झाली, की चित्र पुसट. म्हणून छातीला तारा चिकटवून ठोके मोजायचे, मशीनला त्या ठेक्यावर चालवायचं आणि पेशंटला सांगायचं, श्वास सोडा, आता धरा, हलू नका, बोलू नका. असं पुन्हा पुन्हा. उद्घाटनाला पुढाऱ्यांची भाषणं झाली. त्यानंतर कितीतरी दिवस मशीनवर एकही हृदय आलं नाही.

आलेल्या पहिल्या काही हृदयांतलं एक बिरू आबांचं.

आबा आष्टीच्या पलीकडच्या एका वाडीवरचे मेंढपाळ. काटक, उन्हाने काळे पडलेले, खांद्यावर घोंगडी. बायको वारलेली, दोन पोरं वेगवेगळी राहणारी. थोरला लक्ष्मण, धाकटा सोपान. आबांचं सकाळचं जेवण थोरल्याकडे, रात्रीचं धाकट्याकडे, आणि दिवस मेंढरांमागे माळावर. त्या माळावरच बसल्या जागेवरून उठताना भोवळ येऊन पडले. दोनदा असं झालं. पोरांनी दवाखान्यात नेलं, तिथल्या हृदयवाल्या डॉक्टरांनी इको केला. इको म्हणजे आवाजाच्या लाटांनी हृदय बघायचं. त्यात उजव्या वरच्या कप्प्यात एक गाठ दिसली. गाठ आहे, केवढी आहे, हलते का, एवढं इको सांगतो. कशाची आहे ते दर वेळी त्याला सांगता येत नाही. रक्ताची गुठळी असू शकते, साधी गाठ असू शकते, कॅन्सर असू शकतो.

डॉक्टरांनी हे तिन्ही सांगितलं असेल. पण गाठ या शब्दाला आपल्या भागात एकच अर्थ आहे, त्यामुळे घरच्यांनी तिसरंच तेवढं ऐकलं. छाती उघडून गाठ काढावी लागेल, मोठ्या शहरात जावं लागेल, त्याआधी बीडहून एक एमआरआय करून आणा, असं ठरलं. चिठ्ठीवर एमआरआयपुढे "ऑपरेशनपूर्वी" असंही लिहिलं होतं. म्हणजे डॉक्टरांनीही काय निघायला हवं ते ठरवलेलं होतं.

आबा ठरल्या दिवशी सकाळीच येऊन बाकड्यावर बसले. दोन्ही पोरं बरोबर होती. मी कागद बघत होते तेवढ्यात मालकांचा फोन आला. एका तालुक्याचे माजी कसलेतरी अध्यक्ष येतायत, छातीत दुखतंय, त्यांना आधी घ्या. कशामुळे दुखतंय ते सकाळच्या पेपरात होतं. त्यांना चौकशीचं बोलावणं आलं होतं. मी म्हटलं, बाहेर खरा हृदयाचा पेशंट बसलाय. मालक म्हणाले, "मॅडम, हे पण हृदयाचेच आहेत." फोन ठेवला.

साहेब आले ते लवाजम्यासकट. बरोबर एक पोलीस शिपाई, हातात बंदूक. त्याला हुकूम होता की साहेबांना नजरेआड करायचं नाही, त्यामुळे तो बंदूक घेऊन थेट मशीनच्या खोलीत निघाला. अन्वरने त्याला दारातच मिठी मारली. मशीन बंद असलं तरी चुंबक चालू असतं आणि लोखंड खेचून घेतं, हे आम्ही त्याला समजावत होतो आणि तो सांगत होता, "माझी नोकरी जाईल." अन्वर म्हणाला, "हवालदार साब, आत पहिली बंदूक जाईल, आन मागून तुमी." शेवटी तो बंदूक दुसऱ्या शिपायाकडे देऊन दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला.

साहेबांचं हृदय मी ठोक्याठोक्याने पाहिलं. इतकं निरोगी, देखणं हृदय आमच्या जिल्ह्यात क्वचित बघायला मिळतं. पडदे घट्ट, कप्पे साफ, स्नायू एखाद्या पैलवानाचे. मी तसं सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "कायच न्हाई? बारीकसारीक तरी?" मी म्हटलं, नाही. मग डोकं बघा म्हणाले. डोक्यात काही नव्हतं, म्हणजे वावगं काही नव्हतं. मग मान. मग कंबर. मग पोट. दिवस मावळेपर्यंत आम्ही त्या देहात एखादा दोष शोधत होतो आणि देह काही दाद देत नव्हता. कंबरेत वयाप्रमाणे थोडी झीज सापडली तेव्हा त्यांच्या पीएने सुटकेचा श्वास सोडला.

बिरू आबा दिवसभर बाकड्यावर बसून होते. संध्याकाळी त्यांना सांगितलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी मशीनच्या खोलीचा एसी बंद पडला, आणि एसीशिवाय ते मशीन चालत नाही. मग सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. आबांनी मान हलवली आणि पोरांबरोबर गेले. मला अजून त्या दिवसाचा राग येतो. मालकांचा येतो, त्या साहेबांचा येतो, आणि आपण किती सहज "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो त्याचाही येतो.

त्या आठवड्यात वाडीवर काय झालं हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. छाती उघडायला निघालेला माणूस परत येईलच असं कोणी धरत नाही. मेंढपाळांत प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कोकरू लहान असतानाच त्याच्या कानाला ठरावीक जागी काप देतात. माळावर दोन कळप मिसळले तरी कान बघून आपलं मेंढरू ओळखता येतं. वाटणी झाली की ज्याच्या वाट्याला जे मेंढरू येईल त्याच्या कानाला त्याची नवी खूण पडते. बाप मागे काही न सांगता गेला तर भाऊ भांडतात, म्हणून आबांनी जायच्या आधी वाटणी करून टाकली. स्वतः चाकू हातात घेतला, एकेक मेंढरू गुडघ्यात धरलं आणि अर्ध्यांच्या कानाला लक्ष्मणची खूण दिली, अर्ध्यांच्या कानाला सोपानची. स्वतःसाठी एकही ठेवलं नाही. मी चाललोय, मला कशाला, असं म्हणाले.

लक्ष्मणला मेंढरांचा मुळातच कंटाळा. त्याच्या वाट्याचा कळप चार दिवसांत व्यापाऱ्याच्या गाडीत चढला आणि लक्ष्मणच्या दारात जुना टेम्पो उभा राहिला. आबा अजून मशीनवर झोपलेही नव्हते.

पुढच्या आठवड्यात ते आले. त्यांना आत झोपवलं, छातीला तारा लावल्या, वरून चित्र टिपणारी जाळीसारखी पेटी बांधली, कानावर आवाज अडवणारे गोळे लावले. मी माझ्या खोलीत. अन्वरने मायक्रोफोन घेतला. "आबा, श्वास घ्या. सोडा. आता धरा."

बोगद्यातून खणखणीत आवाज आला, "हाव, धरला."

चित्र पुसट. अन्वरने परत सांगितलं, आबा, बोलायचं नाही, नुसता धरायचा. "बरं. धरला बगा." पुन्हा पुसट. असं किती वेळा झालं ते मी मोजणं सोडून दिलं. आबांचं म्हणणं बरोबर होतं. मोठ्या माणसाने, तेही डॉक्टरने, काही सांगितलं आणि आपण नुसतं मुक्यासारखं पडून राहायचं, हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. विचारलं की ओ द्यायची. अन्वर वैतागून माझ्याकडे वळला. "मॅडम, आबा दर टायमाला उत्तर द्यायलेत. काय करू?"

मी मायक्रोफोन घेतला. माळावरच्या माणसाला केव्हा बोलायचं नसतं, याचा विचार केला आणि म्हटलं, "आबा, बांधावर लांडगा आलाय. मेंढरं मागे आहेत. त्याला तुमची चाहूल लागू द्यायची नाही."

बोगद्यात एकदम शांतता पसरली. स्क्रीनवर श्वासाची रेघ सपाट झाली आणि सपाटच राहिली. ठोके तेवढे जरा वाढले. मी इतकी स्थिर छाती त्याआधी पाहिली नव्हती. अन्वर हळूच म्हणाला, "मॅडम, आता सोडायला सांगा, न्हाई तर लांडगा राहील बाजूला." त्यानंतर प्रत्येक चित्राला आम्ही लांडगा आणला. कधी बांधावर, कधी ओढ्यात, कधी बाभळीखाली. सगळी चित्रं आरशासारखी आली.

आता त्या चित्रांचं सांगते, कारण माझ्या धंद्यातला अभिमान वाटावा असा भाग तोच आहे. उजव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला चिकटून एक गाठ होती. गुळगुळीत, गोल, कडा स्वच्छ. नेहमीच्या चित्रात ती पांढरीफेक दिसत होती. चरबी अशीच पांढरी दिसते. पण जुनं साकळलेलं रक्तही कधी कधी तसं दिसतं, म्हणून एवढ्यावर विश्वास ठेवायचा नसतो. मग दुसरं चित्र काढायचं. त्यात मशीनला सांगायचं की फक्त चरबीकडून येणारी खूण दाबून टाक, बाकीचं राहू दे. त्या चित्रात कातडीखालची चरबी काळी पडते. आबांच्या अंगावर ती होतीच किती, पाठीला बारीकशी पट्टी. ती पट्टी काळी झाली आणि तिच्याबरोबर ती गाठही तितकीच काळी झाली. आणखी एका चित्रात गाठीभोवती डोळ्यात घातलेल्या काजळासारखी बारीक काळी रेघ आली. चरबी आणि पाणी जिथे एकमेकांना भेटतात तिथे ती येते. शेवटी शिरेतून औषध सोडलं. कॅन्सरची गाठ ते औषध बहुधा पिते. या गाठीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

चरबीची साधी गाठ. लोक हातावर, पाठीवर अशा गाठी घेऊन आयुष्य काढतात. आबांची तेवढी वेगळ्या ठिकाणी उगवली होती. ती पसरत नाही, रक्तात सुटत नाही, कॅन्सर होत नाही. वाढून रक्ताची वाट अडवली किंवा ठोके बिघडवले तर काढावी लागते. इथे वाट मोकळी होती आणि ठोके सरळ. सुई टोचून तुकडा काढावा लागला नाही, छाती उघडावी लागली नाही. मला त्या दिवशी फार आनंद झाला. असा आनंद आमच्या अंधाऱ्या खोलीत रोज होत नाही.

मी तो आनंद घेऊन बाहेर गेले तर तो घ्यायला कोणी तयार नव्हतं.

सोपान खाली बघत उभा होता. लक्ष्मण म्हणाला, "नक्की का मॅडम? नीट बगितलं का? पुना एकदा फोटो घ्या."

"नीट बघितलंय."

"पण गाठ तर हाय ना आत. कापून टाकल्याली काय वाईट?" एवढं बोलून तो थांबला. त्याला आपला आवाज कसा ऐकू आला असेल, कोण जाणे. लगेच म्हणाला, "म्हंजे आबांच्या भल्यासाठीच म्हंतोय."

मी त्याला टेम्पोबद्दल विचारलं नाही, कारण तेव्हा मला टेम्पो माहीतच नव्हता. पण माणसाला चांगली बातमी द्यावी आणि त्याने ती परत करायला बघावं, हे मी गुरुजींकडून आणि पुढाऱ्यांकडून पाहिलेलं होतं. पोराकडून पहिल्यांदाच पाहत होते. मला राग आला.

आबा घोंगडी खांद्यावर टाकत बाहेर आले. मी त्यांना सांगितलं, आबा, कॅन्सर नाही. काळजाला चरबीचा गोळा चिकटलाय, तो तिथे तसाच राहील, तुम्हाला काही करणार नाही.

 "चरबी? माज्या काळजात? बाई, चरबी पोटावर न्हाई, पाठीवर न्हाई, आन ती काळजातच कशापायी बसली?"

"ते विज्ञानालाही नीट माहीत नाही."

"म्हंजे मी मरत न्हाई?"

"या गाठीने तरी नाही."

आबा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पोरांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "मंग मेंढरांचे कान कशापायी कापले मी?"

 मी विचारलं, कसले कान, तेव्हा सोपानने हळूहळू सगळं सांगितलं. लक्ष्मण मध्येच उठून पाणी प्यायला गेला.

आता प्रश्न उरला भोवळीचा. गाठ निर्दोष असेल तर माणूस पडला कशाने? याचं उत्तर द्यायचं काम माझं नव्हतं, पण हृदयवाल्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये चरबीच आहे असं ठाम लिहू नका. शक्यता आहे असं लिहा. गाठ काढून टाकलेली बरी, त्याला चक्कर येते ना." मी म्हटलं, चरबी आहे असंच लिहिणार. ते म्हणाले, "तुम्ही फार ठाम असता." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं, मी प्रशस्ती म्हणून ठेवून घेतलं.

मग मी सोपानला विचारलं, आबा गोळ्या कोणत्या घेतात? त्याने खिशातून एक पाकीट काढलं. "ही रात्री आमच्याकडं देतो. बीपीची." मी लक्ष्मणकडे पाहिलं. त्याने पिशवीतून दुसरं पाकीट काढलं. "सकाळी आमच्याकडं ही देतो. बीपीची." एक गोळी पांढरी, एक पिवळी. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, आत औषध एकच. थोरल्याने बापाला आष्टीच्या डॉक्टरकडे नेलं होतं. ते कळल्यावर धाकट्याने, आपण कमी पडायला नको म्हणून, दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही सुना न चुकता गोळी देत होत्या. बापाची सेवा करण्यात एकही घर मागे राहिलं नव्हतं. दुप्पट औषधाने रक्तदाब इतका खाली जायचा की म्हातारा उठला की खाली.

हेही मी हृदयवाल्या डॉक्टरांना कळवलं.  मग ते म्हणाले, "असं होय. बघू मग." त्यांनी बघितलं. एक गोळी बंद केली, चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र लावलं, त्यातही काही निघालं नाही. भोवळ थांबली. ऑपरेशनही थांबलं. दर वर्षी एकदा एमआरआय करून गाठ वाढत नाही ना हे बघायचं ठरलं. आबांची छाती शाबूत राहिली. कळप मात्र गेला होता.

तुम्हाला वाटेल की डॉक्टरने चांगलं सांगितल्यावर पोरांनी मेंढरं परत दिली असतील. कानाला दिलेला काप भरून येत नाही. लक्ष्मणची मेंढरं तर केव्हाच कुणाच्या तरी ताटात जाऊन पोचली होती. सोपानचा कळप वाडीवर होता, पण आता तो सोपानचा होता, आणि सोपानच्या बायकोनेही तो नीट मोजून घेतला होता. सोपान पुढे एकदा सेंटरवर आला होता तेव्हा त्याने सांगितलं, "आबा रोज येऊन मेंढरांच्या वाड्याबाहेर उभे राहायचे. आत यायचे न्हाईत. लई लाज वाटायची, मॅडम." मग एक दिवस आबांनी बाहेरूनच नेहमीची हाक दिली, जिभेने टाळ्यावर टकटक करून देतात तशी. कळपातलं झाडून सगळं फाटकाला येऊन भिडलं. सोपानने फाटक उघडलं आणि म्हणाला, "जावा घेऊन." तेव्हापासून मेंढरं सोपानची आणि त्यांच्यामागचा माणूस जुना, अशी व्यवस्था झाली.

मी इथे मेंढरांच्या मायेवर पानभर लिहू शकते, पण लिहिणार नाही. मेंढरांना कानावरची खूण वाचता येत नाही आणि चारा कोण दाखवतं एवढं त्यांना कळतं. तरी सोपान हे सांगत होता तेव्हा माझे डोळे भरून आले होते. अन्वरने मला पाण्याचा ग्लास दिला आणि बाहेर जाऊन सांगितलं, मॅडमना सर्दी झालीय.

पुढच्या वर्षी आबा ठरल्याप्रमाणे आले. मध्ये कुठल्या साहेबांच्या छातीत दुखलं नाही, मशीनच्या खोलीचा एसीही चालू होता. या वेळी त्यांना लक्ष्मण घेऊन आला होता, टेम्पोतून. वाडीवर लोक बोलायला लागले होते, त्यामुळे त्याला बापाला घेऊन फिरणं भाग होतं. आमच्या अंधाऱ्या खोलीला एसी नव्हता, म्हणून तिचं दार गरमीने अर्धवट उघडं होतं आणि तो दाराशीच बाकड्यावर बसला होता.

आबा आत झोपले. अन्वरने तारा लावल्या. मी मायक्रोफोन घेतला आणि जुन्या सवयीने म्हटलं, "आबा, श्वास सोडा. आता धरा. बांधावर लांडगा आलाय बरं का."

बोगद्यातून आवाज आला, तोच, खणखणीत.

"येऊ द्या की बाई. त्यो आता टेंपोनं येतो. बाहीर बाकड्यावर बसलाय बगा. त्याला भिऊन मी कशापायी श्वास धरू?"

स्पीकर मोठा होता. अन्वर खाली बघून टेबलावरच्या तारांशी खेळायला लागला. दारातल्या बाकड्यावर लक्ष्मण हलला नाही, बोलला नाही. त्याने तेवढा श्वास धरलेला होता.

ते चित्र हललेलं आलं. आबा आत हसत होते. थोड्या वेळाने आम्ही ते परत काढलं. गाठ होती तेवढीच होती.